पूर्ण नाव सांग!

आधी एक कबुली. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. नाशिकच्या ज्या शाळेत मी दहावीपर्यंत शिकले तिथे मराठी हा एक विषय होता, आणि तो तास सोडून वर्गात मराठी बोललं तर दंड भरावा लागायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादकांना दोष देऊ नका, तो सगळा माझा. हा लेख इंग्लिश विभागात दिला असता तर छान गुळगुळीत झाला असता. पण ज्यांनी वाचावा असं मला वाटतं त्यातल्या निम्म्यांनी तो उघडला नसता, आणि मेसच्या मावशींनी तर नाहीच नाही. म्हणून हा खटाटोप.

विषय आहे जात. (प्लीज, पान उलटू नका!)

आपल्या कॉलेजात कुणी कुणाला जात विचारत नाही. खरंच. तीन वर्षांत "तुझी जात काय?" असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. विचारतात ते "पूर्ण नाव काय?" मग "गाव कुठलं?" मग "गावात कुठे राहता?" मग "कॅपच्या कुठल्या राउंडला, कुठल्या सीटवर?" आणि शेवटी हळूच, "स्कॉलरशिपवाली का?" एवढ्या पाच प्रश्नांत काम होतं. आणि एवढेही कष्ट नको असतील तर ॲडमिशनची यादी आहेच, नावापुढे कॅटेगरी छापलेली. फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाने ती यादी मोबाइलवर उतरवून घेतली होती. बीम आणि कॉलममधला फरक कळायच्या आधी कोण कुठल्या सीटवर आलं ते आम्हाला पाठ होतं.

माझ्या बाबतीत पहिल्या प्रश्नालाच गाडी थांबते. मी आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही. लेखाबरोबर माझं पूर्ण नाव छापलेलं आहे, ते तुम्ही एव्हाना वाचलंच असेल, आणि वाचून मनात जे काही व्हायचं ते झालंही असेल. तेच तर म्हणतेय मी.

शाळेत आम्हाला रोझा पार्क्सचा धडा होता. मार्टिन ल्युथर किंग यांचं भाषण पाठ करून मी आठवीत कपसुद्धा मिळवला होता. टाळ्या, फोटो, सिस्टरनी पाठ थोपटली, सगळं झालं. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला बसमध्ये कुठे बसू द्यायचे ते मला तोंडपाठ होतं. जात मात्र इतिहासाच्या पुस्तकात भूतकाळात होती, "अशी प्रथा होती" वगैरे. घरीही तेच. आमच्याकडे जात मानत नाहीत, असं आई अभिमानाने सांगते आणि ते खोटं नाही. पण जिला जातीचा त्रासच झाला नाही तिला जात न मानणं फार सोपं जातं, हे मला जालन्याला येऊन कळलं.

आणि आले तेही कधी, तर सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात! ज्यांना आठवत असेल त्यांना सांगायला नको. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू झालं होतं, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि जिल्हा पेटला. एसटी बंद, दुकानं बंद. मी जनशताब्दीने रात्री उतरले, बाबा बरोबर होते. रिक्षावाल्या काकांनी हॉस्टेलपर्यंत सोडताना बाबांना विचारलं, "आडनाव काय म्हणले साहेब?" सोने का पालना म्हणतात त्या गावाने माझं असं स्वागत केलं. काकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना बहुतेक कुठल्या रस्त्याने न्यावं ते ठरवायचं होतं. तरी बाबा रिक्षात गप्प झाले ते लक्षात राहिलं.

पुढे जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यात, अंतरवालीपासून थोड्याच अंतरावर, वडीगोद्रीला लक्ष्मण हाके यांचं ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठी उपोषण झालं. एका तालुक्यात दोन मंडप. आणि आपल्या मेसमध्ये दोन टेबलं. आठवतंय ना? पहिल्या वर्षी जे जिथे जागा मिळेल तिथे बसायचे, ते दुसऱ्या वर्षी स्टेटस बघून बसायला लागले. दोन मुलींनी रूम बदलून मागितली. कारण लिहिलं "अभ्यासाच्या वेळा जुळत नाहीत". रेक्टर मॅडमनी कारण वाचलं, दोघींकडे बघितलं आणि सही केली.

मी इथे कोणाचं आंदोलन बरोबर ते ठरवायला बसलेली नाही. माझ्याच वर्गातल्या एका मित्राच्या घरी तीन एकर कोरडवाहू कापूस आहे, वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. थोडक्यात हव्या त्या कॉलेजची सीट गेली आणि तो इथे आला. "आमच्या पिढीने काय केलं होतं?" असं तो विचारतो तेव्हा मला पटकन उत्तर देता येत नाही. दुसऱ्या बाजूला घरातली पहिली इंजिनिअर होणारी माळी समाजाची मैत्रीण आहे, तिला वाटतं की आहे तेही हातातून जाईल. दोघांचीही भीती खरी आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. ही दोन टेबलं भांडत होती तेव्हा तिसऱ्या टेबलावर, कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या कूलरजवळ जे बसायचे ते आधीपासूनच तिथे बसत होते. २०२३ च्याही आधीपासून. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही.

कूलरवरून आठवलं. आपल्या लेडीज हॉस्टेलमध्ये झाडायला येणाऱ्या मावशी कूलरचं पाणी पीत नाहीत. बाहेरच्या नळावर ओंजळीने पितात, भर मे महिन्यात, जालन्याच्या उन्हात! त्यांना कुणी मनाई केलेली नाही. मी दोन वर्षं समजत होते की त्यांना थंड पाणी सोसत नसेल. मागच्या उन्हाळ्यात ग्लास भरून हातात दिला तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई, कशाला उगं कुणी काही बोलंल." कोण बोलेल, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही जास्त विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची भीती वाटली.

बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकून आलेला माणूस! तर त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातलं पाणी पिऊ नये अशी हरकत त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी घेतली होती. त्याला शंभराच्या वर वर्षं झाली. विद्यार्थी त्यांच्या तासाला नंतर गर्दी करायचे, दुसऱ्या कॉलेजची मुलंसुद्धा येऊन बसायची, आणि इकडे स्टाफरूममध्ये पाण्यावरून वाद. आता आपल्या स्टाफरूममध्ये डब्याचे ग्रुप कसे पडलेत ते मी सांगणार नाही. सर आणि मॅडम, तुम्हीच एकदा जेवताना मान वर करून बघा.

आता ज्या गोष्टीसाठी लेख लिहायला घेतला ती.

दुसऱ्या वर्षाच्या मधल्या टर्मला आम्हाला एसओएम शिकवायला एक नवीन सर आले. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी आली तर काही नाही. सर वर्गात यायच्या आधी त्यांचं आडनाव वर्गात आलं होतं, कुणीतरी ऑफिसातल्या नोटीसवर वाचलं होतं. मागच्या बाकावरून एक टोपणनाव पडलं. ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात "कोटा" हा शब्द होता एवढं सांगते. (गंमत म्हणजे तासिका तत्त्वावरच्या सरांना ना पगारवाढ, ना पेन्शन. कसला कोटा आणि कसलं काय!)

सरांचं शिकवणं चांगलं होतं. बेंडिंग मोमेंट डायग्राम मला जो येतो तो त्यांच्यामुळे येतो. फुटपट्टी दोन बाकांवर आडवी ठेवून मध्ये डस्टर ठेवायचे आणि विचारायचे, "आता ही कुठं मोडंल?" पण त्यांचं इंग्लिश कच्चं होतं. "डेव्हलप"ला ते "डेव्हलोप" म्हणायचे. आणि मी काय केलं, तर रात्री हॉस्टेलच्या टेरेसवर सरांची नक्कल करून दाखवायला लागले. माझी नक्कल चांगली होते, कॉन्व्हेंटचा कान आहे. मुली हसून लोळायच्या. पुढे पुढे फर्माईश व्हायला लागली. मी सगळ्यांच्यात पॉप्युलर झाले ती या नक्कलेमुळे, हेही सांगून टाकते.

माझी रूममेट हसत नसे. ती परतूरकडची, वडील इथल्याच एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. ती फक्त पुस्तक घेऊन खाली निघून जायची. मला वाटायचं, अभ्यासू आहे.

एकदा मीच तिला म्हटलं, "अगं, मी जातीवरून थोडंच हसते? त्यांच्या इंग्लिशवर हसते." ती म्हणाली, "सर्व्हेइंगचे सर थिओडोलाइटला काय म्हणतात?" मी म्हटलं काय म्हणतात? तर तिने म्हणून दाखवलं, आणि खरंच की, ते सर त्या शब्दाची पार वाट लावतात! दीड वर्ष ऐकत होते, पण कधी हसू आलं नव्हतं. त्यांच्याबद्दल आम्ही म्हणायचो, "सर जुन्या वळणाचे आहेत." सर्व्हेइंगच्या सरांचं आडनाव माझ्यासारखंच, पुढचा प्रश्न न येणारं.

त्यावर मी काय बोलले असेन? काही नाही. दिवा बंद केला आणि झोपले. म्हणजे झोपायचा प्रयत्न केला.

मग ओरल आली. बाहेरून आलेले परीक्षक, आमचे सर इंटर्नल म्हणून शेजारच्या खुर्चीत. आम्ही चौघी एका वेळी आत. मला विचारलं, "मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे काय?" मी चटचट इंग्लिशमध्ये बोलले, परीक्षक खूश. मग रूममेटकडे वळले. "पूर्ण नाव काय?" तिने सांगितलं. "वडील काय करतात?" सांगितलं. "हॉस्टेलवर असशील? फी तर माफच असेल तुम्हाला." ती खाली बघायला लागली. अजून एकही प्रश्न विषयातला झाला नव्हता. तेव्हा आमचे सर, ज्यांची पुढच्या टर्मची ऑर्डर अजून निघायची होती ते सर, अगदी हळू आवाजात म्हणाले, "सर, रोल नंबर आहे शीटवर. शिअर फोर्सचं विचारा, चांगलं येतं तिला."

एवढंच. आवाज चढवला नाही, भाषण केलं नाही. परीक्षकांनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि शिअर फोर्सचं विचारलं. तिने उत्तर दिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं दिलं. मराठीत सुरू केलं, मध्ये इंग्लिशमध्ये गेली, "डेव्हलोप" म्हणाली. मला त्या वेळी हसू आलं नाही.

मी बाहेर येऊन सरांना जाऊन काही म्हटलं का? नाही. त्याच आठवड्यात ऑनलाइन फीडबॅक फॉर्म भरायचे होते. दहा प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण. ते मी ओरलच्या आधीच भरून टाकले होते, टेरेसवर, सगळ्यांच्यात बसून, मोबाइल एकमेकींना दाखवत. "संवादकौशल्य" या रकान्यात मी सरांना एक दिला होता. पाचपैकी एक. बाकीच्यांनीही तेच केलं. एकदा सबमिट झालेला फॉर्म परत उघडत नाही, मी बघितलं उघडून. पुढच्या टर्मला सरांना ऑर्डर मिळाली नाही. फीडबॅकमुळे नसेलही मिळाली. विषयाचे तास कमी झाले असतील, दुसरं काही असेल. पण तासिका तत्त्वावरच्या माणसाची ऑर्डर काढताना फीडबॅक बघतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

कॉन्व्हेंटमध्ये मला जात शिकवली नाही हे खरं, पण जातीचं काम करणारी दुसरी गोष्ट फुकटात दिली, ती म्हणजे इंग्लिश. त्याच्या जोरावर मी कोणालाही खाली बसवू शकते आणि वर म्हणू शकते की मी जात मानत नाही.

मिसिसिपी विद्यापीठात १९६२ साली जेम्स मेरेडिथ हा पहिला काळा विद्यार्थी दाखल झाला तेव्हा दंगल झाली, दोन माणसं मेली, लष्कर बोलवावं लागलं. १९६३ मध्ये पदवी मिळेपर्यंत त्याच्याबरोबर सरकारी संरक्षण होतं. शाळेत वाचलं होतं. पण नंतर लायब्ररीत वाचताना मला एक वेगळंच नाव सापडलं, जेम्स सिल्व्हर. तिथले इतिहासाचे गोरे प्राध्यापक. हे सर काय करायचे, तर मेरेडिथबरोबर उघडपणे जेवायला बसायचे, त्याच्याबरोबर गोल्फ खेळायचे. बस्स. त्याचीही किंमत त्यांना मोजावी लागली, १९६४ मध्ये त्यांनी मिसिसिपीवर पुस्तक लिहिलं आणि पुढे ते विद्यापीठच सोडावं लागलं. मला वाटलं, आपल्याकडे असं कोणी नाही का? तर आहेत, आणि अगदी दारात आहेत, पण आपल्याला माहीत नसतात.

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरला शिकत होते तेव्हा जैन बोर्डिंगमध्ये राहायचे. त्या काळी शाहू महाराजांनी एकेका जातीसाठी वसतिगृहं काढली होती, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग होतं. तिथल्या कार्यक्रमाला भाऊराव गेले, परत आल्यावर आंघोळ करून मगच आत ये म्हटलं तर त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्यांना बाहेर काढलं, अशी हकीकत सांगतात. हॉस्टेलमधून काढलेल्या या मुलाने पुढे १९२४ साली साताऱ्यात स्वतःचं वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. खर्च भागेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजी ते बघायला आले होते. रेक्टर मॅडम, रूम बदलीच्या अर्जावर सही करण्याआधी हे आठवावं अशी नम्र विनंती. (रागावू नका.)

आणि आपल्या मराठवाड्यात तर इथून तासा-दीड तासावर मिलिंद महाविद्यालय आहे. बाबासाहेबांनी ते १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलं. निजामाच्या राज्यातून सुटून आपल्याला दोनच वर्षं झाली होती, इथल्या बऱ्याच मुलांना पुढचं शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठावं लागायचं. मिलिंदच्या सुरुवातीच्या वर्षांतले प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः दलित नव्हते, पण त्यांचे विद्यार्थी त्यांच्याबद्दल आजही वडिलांबद्दल बोलावं तसं बोलतात आणि लिहितात. तिथेच पुढे म. ना. वानखेडे इंग्लिश शिकवायचे, गंगाधर पानतावणे मराठी. दलित साहित्य ज्याला आपण परीक्षेपुरतं वाचतो, त्याची मोठी घडण त्या आवारात झाली. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात तिथलेच विद्यार्थी. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांशी भेदभाव होतो का याची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, २००७ चा अहवाल. त्यात काय आढळलं? छळ नको म्हणून मुलं हॉस्टेलच्या ठराविक मजल्यांवर एकत्र राहायला गेलेली, शिक्षक टाळतात, ओरलमध्ये वेगळी वागणूक. मी ते वाचत होते आणि मला कूलरजवळचं टेबल दिसत होतं. एम्स काय आणि आपण काय!

लॅबच्या मामांना मी एकदा मिलिंदबद्दल विचारलं तर ते नामांतरावर आले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या जळाल्या. जालना तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता, १९८१ ला झाला. मामा तेव्हा सहावीत होते. म्हणाले, "आमच्या वर्गातले निम्मे पोरं दुसऱ्या दिवशी आलेच न्हाईत. मास्तरनं हजेरी घेतली, त्यांची नावं घेतली, आन् पुढं गेला. कुठं गेलेत म्हणून इचारलं बी न्हाई." विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी. मामा स्वतः कुठल्या बाजूचे होते ते त्यांनी सांगितलं नाही. पण मास्तरने विचारलं नाही ही गोष्ट त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं राहिली आहे.

नियम नाहीत असं नाही. युजीसीने २०१२ साली उच्च शिक्षणात समता राखण्यासाठी नियम केले, त्यात भेदभावाच्या तक्रारी ऐकायला अधिकारी नेमायला सांगितलं. २०१६ ला हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ ला मुंबईत आपली जळगावची डॉ. पायल तडवी गेली. पायलच्या बाबतीत तर गुन्हा दाखल झाला तो तिच्याच सीनिअर डॉक्टरांवर, रॅगिंगचा आणि जातिवाचक छळाचा. दोघांच्या आया, राधिकाताई आणि आबेदाताई, २०१९ मध्ये मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या, कॉलेजांत हे नियम पाळले जात नाहीत म्हणून. आता मला सांगा, आपल्या कॉलेजात असा अधिकारी कोण आहे? मी नोटीस बोर्ड बघितला. अँटी-रॅगिंगचा फ्लेक्स आहे, त्यावर फोन नंबरही आहेत, त्यातला एक लागत नाही. ऑफिसात विचारलं तर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत आणि तिथून "कुणाची तक्रार आहे? तुझी? तुला कशाला?" हा "तुला कशाला" मला फार काही सांगून गेला.

यावर "मग करायचं काय?" असं एक सर मला म्हणाले, चांगल्या भावनेने. म्हटलं सर, फार मोठं काही नको. ओरलला रोल नंबरने बोलवा. वर्गात येऊन "स्कॉलरशिपवाले उभे राहा" असं ओरडायची प्रथा बंद करा, महाडीबीटीचा फॉर्म राहिला असेल तर मुलाच्या मोबाइलवर मेसेज जाऊ शकतो, आपण इंजिनिअरिंग कॉलेज आहोत! हॉस्टेलच्या रूम चिठ्ठ्या टाकून द्या आणि टर्म संपेपर्यंत बदलू नका. सर हसले, म्हणाले, "याने मनं बदलतील का?" मनांचं मला माहीत नाही. माझं स्वतःचं बदललं ते काही कुणी व्याख्यान दिल्यामुळे बदललं नाही, परीक्षेच्या खोलीत एक माणूस "रोल नंबर आहे शीटवर" म्हणाला म्हणून थोडंफार हललं. आणि तेही उशिरा.

विद्यार्थ्यांचं म्हणाल तर आपणही साळसूद नाही. सरांनी भेदभाव केला की आपण लगेच स्टेटस टाकतो. पण आपल्या हातात तो फीडबॅकचा फॉर्म आहे, तो आपली ओरल आहे आणि सर त्यात विद्यार्थी. तिथे आपण आडनावाला मार्क देतो. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलत नाहीये.

रूममेटला मी हा लेख आधी वाचायला दिला. तिने तिच्याबद्दलची दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. बाकी राहू दे म्हणाली. टेरेसवरचं मात्र सगळं लिही, अर्धवट लिहू नको, असं बजावलं.

सर आता दुसऱ्या जिल्ह्यात एका पॉलिटेक्निकला शिकवतात, तिथेही तासिका तत्त्वावरच. नंबर मिळवायला आठ दिवस लागले आणि फोन करायला आणखी पंधरा. शेवटी फोन केलाच नाही, लेखच टाइप करून पाठवला, खाली लिहिलं, "सर, तुमची परवानगी असेल तरच छापायला देते, आणि सॉरी." दोन दिवस निळ्या खुणा नुसत्या दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी रात्री उत्तर आलं. छापायला हरकत नाही, कॉलेजचं आणि माझं नाव नको, असं होतं. पुढे लिहिलं होतं, "नक्कल रेकॉर्ड केली असेल तर पाठव, मलाही ऐकू दे." त्याखाली माझ्या मराठीतल्या अकरा चुका नंबर टाकून दुरुस्त केल्या होत्या. सहावी चूक अशी: "वसतीगृह" नव्हे, "वसतिगृह". ती न एक दीर्घ लिहू नकोस.